डावीकडे स्पेन, उजवीकडे मोरोक्को, खाली आमचे हे

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातलं. चौपाटी म्हणजे फुटाळा तलाव, आणि फुटाळ्याचा पलीकडचा काठ दिसतो. त्यामुळे ऑक्टोबर २०१४ मध्ये ह्यांच्या जहाजावर गेले, तेव्हा ब्राझीलहून साखर भरून निघाल्यावर दोन आठवडे नुसतं पाणी पाहून जीव उबगला होता. जिब्राल्टरची सामुद्रधुनी येणार म्हटल्यावर सकाळीच ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, जाऊन उभी राहिले.

जहाजांनाही तिथं उजव्या बाजूनंच चालावं लागतं. आम्ही पूर्वेकडे चाललेलो, म्हणून मोरोक्को जवळ. जबल मूसा डोंगराच्या घड्या नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. स्पेनच्या बाजूला तारिफाच्या पवनचक्क्या, त्या मात्र दुर्बिणीतून. सगळ्यात अरुंद जागी दोन खंडांमध्ये अंतर साधारण १४ किलोमीटर. बर्डीहून हिंगण्याला जावं, बस्स! माझा फोन कधी या देशाचं नेटवर्क पकडे, कधी त्या, आणि घड्याळ तासभर मागेपुढे होई.

ड्युटीवरच्या केरळच्या पोरानं सांगितलं, की भूमध्य समुद्रातलं जेवढं पाणी उन्हानं उडून जातं, तेवढं पाऊस आणि नद्या भरून देत नाहीत. म्हणून अटलांटिकचं पाणी वरून आत येत राहतं, आणि आतलं जास्त खारट, जड पाणी तळाशी बाहेर जातं. मी म्हटलं, "म्हणजे आमचा कूलरच की! मे महिन्यात टाकीला पाइप लावूनच ठेवावा लागतो." पोरगा नुसता हसला. त्याला काय कळणार नागपूरचा कूलर.

हे मात्र तीन तास खाली इंजिनपाशी. अशा ठिकाणी इंजिन स्टँडबायवर असतं, वेग कधीही कमी करावा लागेल म्हणून जास्तीचा जनरेटर चालू, आणि सेकंड इंजिनिअर, म्हणजे हे, कंट्रोल रूममध्ये. या माणसानं अकरा वेळा जिब्राल्टर ओलांडलंय. एकदाही पाहिलेलं नाही.

वर आले तेव्हा बॉयलर सूट घामानं चिंब, आणि जिब्राल्टरचा तो प्रसिद्ध खडक डोक्यावर ढग घेऊन पार मागे पडलेला.

"गेलं का?"

"गेलं."

मी फोनवरचा फोटो दाखवला. करड्या पाण्यावर एक करडी रेघ.

"हे काय दाखवून राहिली? अंबाझरी तलाव?" म्हणाले, आणि जेवायला गेले.