सात घरांचं एक अंगण

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी डोंबिवलीहून ठाण्याला आले आणि पनवेलची ट्रान्स हार्बर लोकल पकडली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत गाडी निघाली. खिडकीतून एका बाजूला पारसिकचा हिरवागार डोंगर आणि दुसऱ्या बाजूला एकसारख्या इमारतींच्या रांगा दिसत होत्या. नवी मुंबईत मी कामानिमित्त शंभर वेळा आले असेन, पण एखादी वसाहत बघायची म्हणून मुद्दाम आले ती पहिल्यांदाच.

सीबीडी बेलापूरला उतरून रिक्षावाल्याला ‘आर्टिस्ट व्हिलेज, सेक्टर आठ’ म्हटलं. त्याने काही विचारलं नाही, मीटर टाकला. ऑफिसांचे काचेचे मनोरे मागे पडले, रस्ता डोंगराकडे वळला आणि दहा मिनिटांत हवाच बदलली. ओल्या मातीचा वास आला. कुठेतरी पाणी वाहत होतं.

ही वसाहत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी आखली आणि 1983 ते 1986 या काळात ती उभी राहिली. नवी मुंबईशी कोरियांचं नातं त्याच्याही आधीचं. खाडीपलीकडे नवं शहर वसवा, ही कल्पना 1960च्या दशकात ज्या तिघांनी मांडली त्यात वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांच्यासोबत ते होते. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, तेव्हा नव्या शहराचे मुख्य वास्तुरचनाकार म्हणून त्यांनी काही वर्षं कामही केलं. मुंबईत पेडर रोडवर त्यांचा ‘कांचनजंगा’ हा निवासी टॉवर आहे, उंच आणि श्रीमंतांचा. त्याच माणसाने 1980च्या दशकात इथे साडेपाचशे कुटुंबांसाठी बैठी आणि एकमजली घरं आखली, तीही जेमतेम साडेपाच हेक्टरांत. म्हणजे हेक्टरी शंभर घरं. दाट वस्ती हवी तर टॉवरच बांधावे लागतात, असं आपल्याला इतक्या वेळा सांगितलं गेलंय की हा आकडा मी दोनदा तपासला.

आत शिरल्यावर पहिल्यांदा गोंधळायला होतं. सरळ रस्ता असा नाहीच. एक बोळ दोन घरांच्या मधून जातो, अरुंद होतो आणि अचानक चौकात उघडतो. चौकाभोवती सात घरं. मी पावलांनी मोजलं, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत बारा पावलं. आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन चौक मिळून एकवीस घरं होतात आणि त्यांच्यात बारा मीटरचा मोठा चौक येतो. तसे तीन गट जुळले की वीस मीटरचं मैदान. असं वाढत वाढत हे सगळं मधल्या ओढ्याकडे उतरत जातं. नकाशावर हे गणित वाटतं. पायी चालताना मात्र ते अंगाला कळतं. आठ मीटरच्या चौकात मी पाऊल टाकलं आणि आवाज आपोआप खाली आला, कारण मी कुणाच्या तरी दारात उभी होते. वीस मीटरच्या मैदानात मुलं बिनधास्त क्रिकेट खेळत होती आणि तिथे माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

माझं लहानपण साताऱ्यात एका वाड्यात गेलं. चौकाभोवती सहा बिऱ्हाडं, मध्ये तुळस, एका कोपऱ्यात नळ. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं दूध उतू गेलं, सगळं चौकाला कळायचं. वाड्याचा जाचही होता आणि तो बायकांना जास्त होता, हे आई अजून सांगते. बेलापूरच्या त्या चौकात उभी राहिले तेव्हा कळलं की इथे वाड्यातला चौक तेवढा घेतलाय आणि जाच बाहेर ठेवलाय. प्रत्येकाचं घर सुटं आहे, स्वतःच्या जमिनीवर. शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही. फक्त खर्च वाचावा म्हणून संडास-न्हाणी शेजारच्यांच्या न्हाणीला पाठ लावून बांधलेल्या. त्यामुळे कुणाला न विचारता घर वाढवता येतं. प्लॉट सगळे 45 ते 75 चौरस मीटरच्या आत. घरांच्या किमतीत मोठा फरक होता, पण जमिनीत तो फारसा ठेवला नाही. कमी कमाईच्या माणसालाही आपली जमीन आणि तेच अंगण मिळालं. मला या आखणीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

मूळ घरं साधी होती. विटांच्या भिंती, पांढरा गिलावा, उतरती कौलं, लाकडी कठडे. गवंड्याला सहज बांधता येतील अशी. त्यातली आता फार थोडी उरली आहेत. बहुतेकांच्या जागी काँक्रीटचे दोन-तीन मजले, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचे कठडे. फोटोत पाहिलेलं गाव शोधायला जाल तर निराश व्हाल. काही जण याला फसलेला प्रकल्प म्हणतात. मला ते पटत नाही. घर कुटुंबाबरोबर वाढावं हे कोरियांचंच म्हणणं होतं आणि माणसांनी ते वाढवलं. मात्र उंचीला मर्यादा राहायला हवी होती, हेही खरं. आठ मीटरच्या चौकाला तीन मजले वेढतात तेव्हा खाली दुपारीही मळभ आल्यासारखं वाटतं. गाड्यांनी तर दोन-तीन चौक पार गिळलेत. एका ठिकाणी पारालगत इतकी मोठी गाडी लावली होती की पारावर बसायला जागाच नव्हती. तिथे उभं राहून वाईट वाटलं.

एका जुन्या, कौलारू घराच्या पायरीवर एक आजी गवार मोडत बसल्या होत्या. मी फोटो काढू का विचारलं, तर म्हणाल्या, “घराचा काढ, माझा नको.” मग स्वतःच सरकून जागा केली. “बस ना. कुठून आलीस?”

मी सांगितलं. वसाहत बघायला आलेय हे ऐकून त्यांना नवल वाटलं नाही. आर्किटेक्चरची मुलं वह्या घेऊन नेहमी येतात म्हणे.

“आम्ही आलो तेव्हा इथं एक खोली होती आणि मोरी. संध्याकाळनंतर चिटपाखरू नसायचं. ह्यांना म्हटलं, कुठं आणून टाकलंत. मग समोरच्या आल्या, त्या पलीकडच्या आल्या. चौक भरला तशी भीती गेली.”

“वरचा मजला का नाही चढवला, आजी?”

“मुलगा म्हणतो चढवू. मी म्हणते माझ्यामागं चढव. मला इथनं डोंगर दिसतो.”

मी वळून पाहिलं. समोरच्या दोन घरांच्या फटीतून खरंच पारसिकचा एक उभा तुकडा दिसत होता, त्यावर ढग टेकलेला. गवार मोडायला मीही हात लावला. आमच्या इमारतीत एका मजल्यावर सहा दारं आहेत. सात वर्षांत त्यातल्या दोनच घरांत मी पाऊल ठेवलंय. तळमजल्यावर मोकळी जागा भरपूर आहे, माझ्या अंदाजाने या चौकाच्या दहापट, पण तिला कुणाचंच दार लागत नाही. तिथे ‘खेळण्यास सक्त मनाई’ची पाटी आहे. माझी लेक रोज ती पाटी वाचत लिफ्टपर्यंत जाते.

थेंब पडायला लागले. आजी एकदम उठल्या आणि समोर बघून ओरडल्या, “अगं, तिचे कपडे!” शेजारीण कामावर गेलेली, दाराला कुलूप आणि दोरीवर चादरी. कोपऱ्यातल्या घरातून एक बाई धावत आली, वरच्या कठड्यावरून एका मुलाने “आलो, आलो” केलं. बारा पावलांचा तर चौक. आजींनी चिमटे काढले आणि अर्ध्या चादरी माझ्या हातांत टाकल्या.

“आत ने, खुर्चीवर टाक. ती आली की देते तिला.”