कापसाच्या फुलाला बांधलेला दोरा

सातवीच्या मुलांना पहिल्यांदा आमच्या शहाद्याकडच्या गोमाई नदीवर चित्रं काढायला नेलं, तेव्हा निम्मी मुलं नदीकडे पाठ करून बसली. सावली त्या बाजूला होती. तरी सगळ्यांच्या वहीत नदी आली! दोन डोंगर, मधून निळं पाणी, काठावर नारळ. आम्ही बसलो होतो तिथे एकही नारळ नव्हता, बाभळी होत्या. पाणी घोट्याएवढं, मातकट. मुलांचा त्यात काही दोष नव्हता. चित्रकलेचा तास मीच इतकी वर्षं तसा घेत आलो होतो.

त्या दिवसापासून रंग घरी ठेवले. आता शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या दोन तासिका आम्ही बाहेर असतो. प्रत्येकाकडे कोरी वही, पेन्सिल, खाली धरायला पुठ्ठा आणि वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून दोन रबरबँड. खोडरबर आणायचं नाही. रेघ चुकली तर राहू द्यायची, शेजारी दुसरी काढायची. सुरुवातीची पाच मिनिटं कागदाकडे बघायचंच नाही. पानाच्या कडेवरून नजर सरकेल तशी पेन्सिल सरकवायची. चित्र वेडंवाकडं येतं, मुलं एकमेकांच्या वह्या बघून खूप हसतात. पण नंतर काढलेल्या पानाला पाच टोकं असतील तर पाचच येतात. मोजायला पट्टी नाही, बोटं आणि वीत. चित्राखाली दोन गोष्टी लिहायच्या: काय दिसलं आणि काय विचारावंसं वाटलं. मुलं आपसात अहिराणी, पावरी, गुजरी बोलतात. वहीत ज्याला जो शब्द येईल तो लिहू देतो, शुद्धलेखन तपासत नाही.

पोळा नुकताच होऊन गेला होता, बैलांच्या शिंगांचा रंगही उतरला नव्हता. शाळेमागच्या कापसाच्या शेताच्या बांधावर बसलो होतो. मी विचारलं, कापसाचं फूल कोणत्या रंगाचं? सगळे एका सुरात, "पांढरं!" ही शेतकऱ्यांची मुलं, सुट्टीत वेचणीला जाणारी. त्यांच्या डोळ्यांपुढे फुटलेलं बोंड होतं. एका मुलीने मात्र एकाच झाडावर दोन फुलं काढली, एक फिकट पिवळसर, दुसरं गुलाबी. रंग नव्हते म्हणून बाण काढून शेजारी शब्दांत लिहिलं. बाजूचा मुलगा म्हणाला, एका झाडाला दोन रंग कसे? ती अडून बसली. मग वहीच्या शिवणीचा लाल दोरा काढून त्या सकाळी उमललेल्या फुलाच्या देठाला सैल बांधला. शेत तिच्याच घरचं.

सोमवारी प्रार्थनेच्या आधीच ती वही घेऊन उभी. "सर, शनवारले पिवळं व्हतं ना, आते गुलाबी शे!" रविवारी आईबरोबर निंदणीला गेली तेव्हा तिने वेळ घालून नोंद केली होती. कापसाचं फूल सकाळी उमलतं, त्याच दिवशी परागण होतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते गुलाबी पडतं, मग सुकून गळतं. मागे राहते ती कैरी, म्हणजे कापसाचं हिरवं बोंड, झालरीसारख्या तीन हिरव्या पानांच्या कुशीत. हे मी फळ्यावर दोन मिनिटांत सांगू शकलो असतो. सांगितलं नाही, याचा मला फार आनंद आहे.

तारीख आणि जागा यांवर मी इतका हटून का बसतो, हे मुलांना रानपिंगळ्यावरून सांगतो. हा छोटा घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना होता, पण तो निघाला चोरीचा. आपल्या खानदेशात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात गोळा केलेल्या पक्ष्यालाच खोटी तारीख आणि खोटी जागा चिकटवली होती. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर १९९७मध्ये, ११३ वर्षांनी, रानपिंगळा सापडला तो आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात! ओळख पटली ती बारकाव्यांवरून. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, पोट पांढरं. हे ऐकल्यावर मुलं वहीच्या वरच्या ओळीत गावाचं नाव लिहितातच, काही जण तर शेतमालकाचंही.

एका पालकांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, परीक्षेत याला किती मार्क?" मी म्हटलं, याला मार्क नाहीत. त्यांना ते पटलं नाही, आणि त्यांची काळजी मला कळते. त्यांचा मुलगा मात्र अजून येतो. त्याने आठ पानं भरली आहेत, सगळी मुंगळ्यांची.

दोरा बांधलेल्या फुलाची वही त्या मुलीने परवा दाखवली. २३ ऑगस्टपासून अकरा नोंदी आहेत. शेवटच्या पानावर फुटलेलं बोंड, चार पाकळ्यांत कापूस, देठाला दोरा. खाली लिहिलंय: "१२ ऑक्टोबर, सकाळी ७. आभाळ मोकळं. दोऱ्याचा लाल रंग गेला. आई वेचणार होती, तिला थोडं थांब म्हटलं."