किन्शासाला समुद्रातून जहाज का जात नाही?

काँगो नदीचं पात्र नकाशावर इतकं रुंद दिसतं, मग समुद्रातलं जहाज थेट काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या राजधानीच्या, किन्शासाच्या धक्क्याला का लागत नाही? हा प्रश्न वारंवार येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

किन्शासा सोडलं की समुद्राकडच्या मातादी बंदरापर्यंत नदी सुमारे 270 मीटर खाली उतरते, तीही धबधबे आणि खळाळ ओलांडत. म्हणून समुद्री जहाजं मातादीलाच थांबतात. याउलट किन्शासाच्या वरच्या अंगाला किसांगानीपर्यंत साधारण 1,700 किलोमीटर बोटी चालतात. मधला टप्पा जमिनीवरूनच पार करावा लागतो आणि माल जिथे पुन्हा बोटीत चढतो, तिथे हे शहर वसलं. 1881 मध्ये हेन्री स्टॅन्ली या शोधप्रवाशानं इथे ठाणं मांडलं, तेव्हा बोटीसुद्धा सुट्या करून हमालांकरवी वर आणल्या होत्या. मातादीहून येणारी 366 किलोमीटरची रेल्वे 1898 मध्ये पूर्ण झाली. ती बांधताना अधिकृत आकड्यांनुसारही सुमारे 1,800 मजूर मेले. त्यांना वगळून या शहराची ओळख करून देऊ नये. लिओपोल्डविल हे जुनं नाव 1966 मध्ये बदललं.

शहरापाशी नदी फुगते, तो भाग म्हणजे पूल मालेबो. यातला ‘पूल’ म्हणजे डोह. आपल्या अर्थाचा पूल तिथे नाहीच. समोर ब्राझाव्हिल दिसतं, पण ती दुसऱ्या काँगोची राजधानी. बोटीनं काही मिनिटांत पलीकडे जाता येतं, मात्र वेगळा व्हिसा लागतो. तो आधी न काढता किन्शासाच्या बीच न्गोबिला धक्क्यावर गेलात तर परत फिरावं लागेल.

तिकडे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. डॉलर चालतात, पण नोटेच्या कडेला नखाएवढी चीर असली तरी दुकानदार ती परत देतो. नोटा कोऱ्या न्या आणि किरकोळ खर्चाला काँगोली फ्रँक ठेवा.

खाण्यात क्वांगा चुकवू नका. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो, त्याच कंदाचा हा प्रकार. कडू कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, म्हणून कंद तीनचार दिवस पाण्यात भिजवून आंबवतात. मऊ पडले की धागे काढायचे, लगदा कुटायचा, मळून पानांत घट्ट बांधायचा आणि वाफवायचा. टंचाईच्या काळात गावाकडे भिजवण्याचे दिवस कमी केले जातात आणि तिथेच घात होतो: त्यातून कोंझो नावाचा आजार होतो, पाय ताठरून कायमचे अधू होतात. नीट केलेला क्वांगा पान उलगडताच आंबूस वास सोडतो. तो वास यायलाच हवा. पानात बांधलेला हा गोळा कित्येक दिवस टिकतो, म्हणून नदीच्या लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांची ती शिदोरी.