न लागलेला ठसका

“मॅडम, ह्याला ठसका कधीच लागत नाही,” असे त्या आईने सांगितले तेव्हा तिच्या स्वरात दिलासा होता; माझ्या मनात मात्र नेमकी तिथेच पाल चुकचुकली.

गिळण्याच्या विकारांवर उपचार करणे हे माझे काम. १९ महिन्यांच्या त्या मुलाला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, अर्थात एसएमए, या स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी नष्ट करत जाणाऱ्या जनुकीय आजाराचा पहिला, म्हणजे तान्हेपणीच सुरू होणारा गंभीर प्रकार होता. पाचव्या महिन्यात जीन थेरपी, म्हणजे सदोष जनुकाची उणीव भरून काढणारे औषध, मिळाली होती, आणि उपचारांवाचून जे बहुधा कधीच बसू शकले नसते ते मूल माझ्यासमोर आधाराशिवाय बसून टाळ्या वाजवत होते. पण हिवाळ्यात दोनदा न्यूमोनिया झाला होता, वजन चार महिने वाढले नव्हते आणि एकेका जेवणाला पाऊण तास लागत होता. घरच्यांच्या मते तो खाण्याचा आळशी होता.

बेरियम मिसळलेले पाणी पाजत आम्ही क्ष-किरणांखाली गिळण्याची हलती चित्रे घेतली. पहिले सहा-सात घोट निर्वेध उतरले, आणि तिथेच थांबले असते तर अहवालात मी ‘सुरक्षित’ असे लिहून मोकळी झाले असते. या आजारात स्नायू लवकर थकतात, म्हणून पाजत राहिले. नवव्या घोटाला पडद्यावर एक काळी रेघ स्वरयंत्र ओलांडून श्वासनलिकेत उतरली. मूल खोकले नाही. खुळखुळ्याकडे पाहून हसत राहिले. ‘घट्ट करून भरवा’ हा आमचा ठरलेला सल्लाही येथे अपुरा पडला, कारण बेरियम घातलेले घट्ट नाचणीसत्त्व जिभेच्या मुळाशी साचून राहत होते आणि नंतर तेही खाली ओघळत होते.

औषध उरलेल्या चेतापेशींना वाचवते, आधीच गेलेल्या परत आणत नाही. आणि गिळण्याच्या स्नायूंना चालवणाऱ्या पेशी मेंदूच्या तळाशी असतात, त्यांनाही हा आजार सोडत नाही. मूल बसले की घरभर पेढे वाटले जातात. घसा मागे राहिला आहे, हे मात्र कोणाला दिसत नाही.

“म्हणजे इतके दिवस मीच...” आईचे वाक्य अर्धेच राहिले. श्वासनलिकेत मुकाट उतरणारा घोट नुसत्या डोळ्यांनी मलाही ओळखता आला नसता, हे मी तिला पडदा पुन्हा दाखवून सांगितले.

डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याशी बोलून ठरले ते असे: मुख्य आहार तूर्त नाकातल्या नळीतून द्यायचा आणि पोटातल्या नळीचा निर्णय पुढच्या महिन्यात घ्यायचा. आजींचा ठाम विरोध होता. नळी आली म्हणजे नातवाचे तोंड कायमचे बंद झाले, असे त्यांना वाटत होते. मूल ताजेतवाने असताना, ताठ बसवून, चमच्याच्या टोकाला लागेल एवढी चव दिवसातून दोनदा द्यायचीच आहे, नाहीतर तोंडाला खाण्याचा विसर पडतो, असे मी सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग विचारले, “वरणावर लिंबू पिळलेले चालेल ना?”