पाव फुगेपर्यंत

आमच्या सायकल मंडळाचे वार्षिक संमेलन डिसेंबरच्या उत्तरार्धात, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या आसपास भरत असे. मंडळाच्या घटनेत तसे काही लिहिलेले नव्हते. पहिल्या वर्षी सर्वांना सवड त्याच दिवसांत मिळाली, दुसऱ्या वर्षी तोच शनिवार-रविवार धरला गेला आणि तिसऱ्या वर्षापासून निमंत्रणपत्रिकेत ‘परंपरेप्रमाणे’ हा शब्द आला. अध्यक्षांचे भाषण, अहवालवाचन आणि हिशेबाला मंजुरी ही तीन कामे शनिवारी संध्याकाळी अर्ध्या तासात उरकली जात आणि खजिनदारांचा अपवाद सोडला, तर त्यांतले पुढे कोणाच्या काही लक्षात राहत नसे. खरे संमेलन त्यानंतर सुरू होई, आणि ते पीठ मळण्यापासून सुरू होई.

या प्रथेचे मूळ पहिल्या वर्षीच्या फजितीत आहे. पहाटे सायकली काढायच्या, नऊ वाजता परतायचे आणि स्वतः भाजलेल्या ताज्या पावाचा नाश्ता करायचा, असा बेत ठरला होता. मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्या, ज्यांना वयाचा विचार न करता आम्ही सारेच ताई म्हणत असू, त्यांची कृती हुकमी होती. मात्र ती त्यांनी आजवर उन्हाळ्यातच करून पाहिली होती. उन्हाळ्यात दीड तासात दुप्पट होणारे पीठ चार तासांत होईलच, या भरवशावर त्यांनी ते पहाटे पाच वाजता मळून ठेवले. आम्ही परतलो तेव्हा पातेल्यातला गोळा जेमतेम बोटभर वर आला होता. यीस्ट हा सजीव पदार्थ आहे. २५ ते ३० अंशांच्या उबेत तो झपाट्याने काम करतो आणि १० अंशांच्या आसपास त्याची गती इतकी मंदावते की पाहणाऱ्याला तो झोपला आहे असेच वाटावे. भुकेलेली पंचवीस माणसे पातेल्याभोवती उभी राहून एकमेकांना दोष देऊ लागली, तेव्हा एका सदस्याने सायकलच्या पिशवीतून एक पुस्तक काढले आणि कोणाची परवानगी न घेता मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पाव दुपारी एक वाजता मिळाला. तोवर कोणी जागचे हलले नव्हते.

दुसऱ्या वर्षापासून पीठ शनिवारी रात्रीच मळले जाऊ लागले. पाच किलो मैदा, सव्वातीन लिटर पाणी, १०० ग्रॅम मीठ आणि यीस्ट मात्र उन्हाळ्याच्या मानाने तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, असे प्रमाण दोन-तीन वर्षांच्या अनुभवाने पक्के झाले. मळण्याचे काम पाळीपाळीने होई. सुरुवातीला पीठ हाताला, बोटांना, घड्याळाच्या पट्ट्यालाही चिकटत असे. दहा-बारा मिनिटांनी ते अचानक शहाणे होई आणि परातीपासून आपोआप सुटू लागे. ताई त्यातला सुपारीएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच ताणत आणि दिव्यासमोर धरत. त्या पातळ पडद्यातून उजेड झिरपला आणि तरीही तो फाटला नाही, तरच त्या मान डोलावत. नाही तर पुढच्या माणसाला बाह्या सरसावायला सांगत. मग मोठ्या पातेल्यांवर ओले फडके टाकून ती रात्रभर थंड खोलीत ठेवली जात. अशा सावकाश फुगलेल्या पिठाला जी किंचित आंबूस, खोल चव येते, ती घाईने फुगवलेल्या पिठाला येत नाही, हे आम्हांला अर्थातच नंतर कळले. आधी आम्ही केवळ फजिती टाळत होतो.

थंडीवर मात करता येते असे एकदा मलाही वाटले होते. माझ्या पाळीच्या वर्षी मी यीस्टमध्ये चांगले कढत पाणी ओतले. ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतो, हे ज्ञान मला सकाळी झाले. तो पाव कापायला सायकलच्या हत्यारांच्या पेटीतली करवत मागवावी लागेल, असे जे म्हटले गेले, ते आजही अधूनमधून ऐकावे लागते.

पीठ झाकून ठेवले की सायकलींची तपासणी होई आणि याच वेळी आमचे एक निवृत्त सदस्य हवा भरण्याच्या पंपावर हात ठेवून दरवर्षी तीच हकिकत सांगत: बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवेची धाव बसवली आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. आम्हीही ती दरवर्षी नव्याने ऐकत असू. त्यांचा दुसरा उपदेश मात्र कामाचा होता. उबदार खोलीत भरलेली हवा बाहेरच्या गारठ्यात आकसते. तापमान दहा अंशांनी उतरले, तर ६० पौंड दाबाच्या चाकात दोन-अडीच पौंडांची घट होते. म्हणून सायकली रात्री बाहेरच उभ्या करायच्या आणि हवा पहाटे भरायची, असा त्यांचा दंडक होता.

पहाटेच्या त्या फेरीविषयी किती लिहू? अंतर मोजून तीस किलोमीटर, रस्ता ओळखीचा. तरीही अंधारात पुढच्या दिव्याच्या उजेडात धुके सरकू लागले की तो रस्ता आपण प्रथमच पाहत आहोत असे वाटे. चश्मा वापरणाऱ्यांची थांबल्यावर फार पंचाईत होई, कारण सायकल चालू असेपर्यंत वाऱ्याने स्वच्छ राहणाऱ्या काचांवर थांबताक्षणी श्वासाची वाफ जमे. १० अंशांच्या स्थिर हवेतून ताशी २० किलोमीटरने गेले, तरी अंगाला ती सात अंशांसारखी लागते, आणि हे सर्वांत आधी बोटांना कळते. ब्रेक दाबायचा आहे हे मनाने ठरवावे आणि बोटांनी त्यावर जरा विचार करावा, अशी अवस्था होते. चढावर घाम येई आणि उतारावर तोच घाम बर्फासारखा छातीला लागे. यावर शर्यतपटूंचा जुना उपाय आम्ही करत असू: चढ संपला की वर्तमानपत्राची घडी कपड्यांच्या आत छातीवर सरकवायची. कागदाच्या थरांत हवा अडकते आणि वारा आत शिरत नाही. ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ मध्ये एका क्रीडा वृत्तपत्रानेच आपला खप वाढवण्यासाठी सुरू केली होती, हे ध्यानात घेतले तर सायकल आणि वर्तमानपत्र यांचे नाते तसे घरचेच म्हणायचे. परतल्यावर हे दमट कागद भट्टीजवळ वाळत घातले जात आणि त्यांवरील आदल्या दिवशीच्या बातम्या, एरवी न वाचल्या गेलेल्या, मोठ्या आस्थेने वाचल्या जात.

परतेपर्यंत पातेल्यांवरचे फडके घुमटासारखे वर आलेले असे. लाद्या वळून, त्यांना पुन्हा तासभर फुगू देऊन, २३० अंशांवर भट्टीत घातल्या की चाळीस मिनिटांत पाव तयार होई. बाहेर काढलेला पाव उलटा करून ताई त्याच्या तळावर बोटांच्या पेरांनी टकटक करत आणि आवाज पोकळ आला, तरच तो जाळीवर ठेवत. पण याच क्षणी खरी परीक्षा असे, कारण गरम पाव कापला तर आतला भाग चिकट निघतो. निवताना तो आतून घट्ट होत असतो आणि त्याला किमान तासभर द्यावाच लागतो. निवणाऱ्या पावाचे कवच बारीक तडतडते. खोलीत पूर्ण शांतता असली, तरच तो आवाज ऐकू येतो, आणि ती शांतता राखण्याचे काम पुस्तकाकडे आले होते.

वाचनाचा नियम एकच होता: पाव निवला की वाचन थांबायचे, मग गोष्ट कोठेही असो, आणि उरलेले पुढल्या संमेलनापर्यंत कोणी घरी वाचायचे नाही. हा नियम सर्वांत जड गेला तो दक्षिण ध्रुवाची हकिकत चालू होती त्या वर्षी. ध्रुवावर पहिले पाऊल ठेवण्याची शर्यत लागली होती, आणि नॉर्वेचा ॲमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी तेथे पोचला. तेथे तो भर उन्हाळा आणि चोवीस तास ऊन, तरीही पारा शून्याच्या कितीतरी खाली, हे ऐकून आम्ही आपल्या गारठ्याची तक्रार त्या दिवसापुरती मागे घेतली. मग त्याचा ब्रिटिश प्रतिस्पर्धी स्कॉट याची तुकडी दमत, ओढत पुढे आली आणि १६ जानेवारी १९१२ रोजी तिला दूरवर एक काळा ठिपका दिसला. तो झेंडा होता, आणि तो त्यांचा नव्हता. एवढ्यात तडतड थांबली. सुरी हातात घेऊन उभ्या असलेल्या ताईच म्हणाल्या, “पान तरी पुरे करा.” पण नियम तो नियम, पुस्तक मिटले गेले आणि स्कॉटला आम्ही वर्षभर त्या झेंड्यासमोर उभे ठेवले.

पुढल्या वर्षी हिशेब मंजूर झाल्यावर खजिनदार पुन्हा उठून उभे राहिले आणि आपण पुस्तक घरी मिळवून शेवटपर्यंत वाचून काढल्याचे त्यांनी सर्वांसमक्ष कबूल केले. दंड म्हणून त्या रात्री पाचही किलो पीठ त्यांनी एकट्याने मळले.