गंधरस घातलेला द्राक्षारस

“नको सिस्टर, ती गोळी नको. क्रुसावर चढवताना प्रभूलासुद्धा वेदना बधिर व्हावी म्हणून गंधरस घातलेला द्राक्षारस देऊ केला होता. त्यानं घेतला का?”

वसईच्या या मावशींचा स्तनाचा कॅन्सर मणक्यात आणि खुब्याच्या हाडात उतरला होता. कूस बदलली तरी किंकाळी फुटायची. दुखणं दहापैकी किती, तर नऊ. आमच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या वॉर्डात आणलं ते वेदना आटोक्यात यावी म्हणून, आणि मॉर्फिनच्या वेदनाशामक गोळीला त्या हात लावत नव्हत्या. भेटायला येणारी मंडळी उशाशी बसून सांगून जायची, देवाचं ज्यांच्यावर प्रेम असतं त्यांचीच तो परीक्षा घेतो. मला या बोलण्याची चीड आहे. बायबलमधल्या, दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानं बसले, तोवर ठीक होतं. मग ते दुःखाचा अर्थ सांगू लागले, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

मीही ख्रिस्ती. मावशी बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातलं बोलत होत्या. मी त्याच्या आधीचा काढला. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथसेमाने बागेत येशू पित्याला विनवतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. “मावशी, हे टळावं असं त्यालाही वाटलंच ना?”

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “रोझरीच्या जपमाळेतलं दहा मण्यांचं एक दशकसुद्धा पुरं होत नाही गं. मधेच कळ येते, शब्दच विसरते.”

दुखण्यानं त्यांची प्रार्थनाच खाऊन टाकली होती, आणि याला देवाची परीक्षा म्हणत बसायचं?

दुपारी फादर आले. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केलं होतं, वेदनाशामक घेण्यात पाप नाही; स्वतःहून कुणी सोसायचं ठरवलं तर सोसावं, सक्ती कुणावर नाही. फादरांनी हे समजावलं तेव्हा मावशींनी गोळी घेतली. रात्रीपर्यंत दुखणं चारवर आलं. रोझरी पुरी झाली, त्यातलं एक दशक शेजारच्या खाटेवरच्या बाईसाठी.

मग मला बोलावून म्हणाल्या, “शुक्रवारी दोनची गोळी तीनला देशील? शुक्रवारी तीनलाच प्रभूनं क्रुसावर प्राण सोडला, तेवढा तास त्याच्याजवळ राहीन. आता मला जमेल.”

डॉक्टर तयार नव्हते. दर चार तासांनी द्यायचं औषध लांबवलं की कळ उसळते, त्यांचं खरंच होतं. पण मी मावशींच्या बाजूनं भांडले. दुसऱ्यांनी गळ्यात घातलेलं दुखणं वेगळं, हा त्यांनी राजीखुशीनं मागितलेला तास वेगळा. शेवटी केसपेपरवर ओळ चढली: शुक्रवारी दुपारची मात्रा तीन वाजता, रुग्णाच्या इच्छेनं, कळ वाढल्यास ताबडतोब.