टी खूण दोनदा जुळते

ऐकणाऱ्या मुलांना दुचाकी दुरुस्ती शिकवताना माझं अर्धं काम तोंडानंच व्हायचं. त्यांची नजर इंजिनवर, कान माझ्याकडे. कर्णबधिर मुलांच्या बॅचला हे चालत नाही. माझ्या हातांकडे पाहिलं तर इंजिन सुटतं, इंजिनकडे पाहिलं तर माझं बोलणं. त्यात हातात पाना आला की माझं बोलणंच थांबतं.

म्हणून ऑगमेंटेड रिॲलिटी आली तेव्हा मला फार आनंद झाला. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलेल्या इंजिनवर आम्ही एक छापील चौकोन चिकटवला. टॅबलेटचा कॅमेरा त्यावर रोखला की पडद्यावर त्याच इंजिनच्या पोटात पिस्टन वरखाली होताना दिसतो, व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, कोपऱ्यात सांकेतिक भाषेत माहिती चालते. टॅबलेट मात्र स्टँडवरच हवा. हातात धरला तर मुलं बोलणार कशी?

त्या दिवशी टॅपेट सेटिंग होतं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक फट, गॅप, नीट करणं. इथे ऐकणारी मुलंही हमखास चुकतात. फोर स्ट्रोकमध्ये क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेला असतो त्या दांड्याचे, दोन फेरे होतात, म्हणजे पिस्टन दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशन (मिश्रण दाबणं) संपताना, एकदा एक्झॉस्ट (धूर बाहेर टाकणं) संपताना. मॅग्नेटवरची, म्हणजे क्रँकच्या टोकाच्या चाकावरची, टी खूण दोन्ही वेळा तशीच जुळते. गॅप मात्र कॉम्प्रेशनलाच पाहायची, कारण तेव्हाच दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असतात.

भोरहून येणाऱ्या एका मुलीचं आमच्यातलं नाव 'खळी'. गालाला बोट लावलं की ती. तिनं मॅग्नेट फिरवून टी खूण जुळवली. पडद्यावर कॉम्प्रेशन, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मी मान डोलावली आणि फट मोजायच्या फीलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पाती पुढे केली. तिनं घेतली नाही. दोन बोटांनी एक रॉकर हलवून पाहिला, मग दुसरा. टॅबलेटकडे बोट करून खूण केली, "खोटं."

तिला कळलं नसेल असं वाटून मी पुन्हा पडदा दाखवला. तिनं माझं मनगट धरलं आणि माझी बोटं रॉकरवर टेकवली. घट्ट! प्ले, म्हणजे सैलपणा, अजिबात नाही. इंजिन एक्झॉस्टच्या शेवटी उभं होतं. पडद्यावरचं चित्र आधी करून ठेवलेलं, खरा पिस्टन कुठल्या स्ट्रोकला आहे हे त्याला कळायची सोयच नव्हती. तपासायला हवं होतं मी. तिथेच सेटिंग केलं असतं तर गॅप जास्त राहून टॅपेट वाजले असते, आणि तो आवाज या मुलांपैकी कुणालाच ऐकू आला नसता.

तिनं आणखी एक फेरा दिला. खूण परत जुळली. आता रॉकर हलला.

मी दिवा दोनदा बंद-चालू करून सगळ्यांना बोलावलं. पुढचा तास तिनं घेतला. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०२१ साली १० हजार शब्द झाले, तरी वर्कशॉपमधलं बरंच काही आम्हाला आपसात ठरवावं लागतं. 'प्ले'साठी तिनं मनगट सैल सोडून दोन बोटं हलवली, 'घट्ट'साठी मूठ आवळली. एकेक जण येऊन रॉकर चाचपून गेला.

टॅपेटचा धडा उघडला की आता आधी 'रॉकर हलवून बघ' ही सूचना येते. ती देणारे हात खळीचे आहेत.